भरले किती, ऐकले किती

नाना,

मागच्या सोमवारी पार्सल आलं. वर एकशे बेचाळीस रुपये टपालखर्चाची चिठ्ठी होती. आत एक लोकरीची शाल. किमतीचा कागद माझ्या पोरीनं कात्रीनं कापून टाकला होता, पण पावती पिशवीच्या तळाशी तशीच राहिली, सहाशे चाळीस. वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोळशाचा एक खडा, फुकट. पाठकोऱ्या कागदांचा चांगला जाड गठ्ठा, तोही फुकट. एका अंगाला तिची गणितं, दुसरं अंग कोरं, कारण आपली आई कागद विकत आणत नाही हे तिला ठाऊक आहे. आणि एका लिफाफ्यात दोन पानी संमतीपत्र. शाल मी घरखर्चाच्या वहीत ‘भेट’ म्हणून मांडली आणि पुढं रक्कम लिहिली नाही. संमतीपत्र कुठं मांडायचं ते कळलं नाही. ते देव्हाऱ्याच्या फळीवर कुंकवाच्या करंड्याखाली ठेवलं आहे, पंख्यानं उडू नये म्हणून. रोज सकाळी फुलं वाहताना ते दिसतं. आठ दिवस झाले. हे पत्र त्याच पाठकोऱ्या कागदांवर लिहिते आहे. उलटून बघाल तर काही कळायचं नाही. मलाही कळत नाही.

तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेल्यावर मी दहावीच्या पुढं शिकले नाही. लग्न होऊन पारनेरच्या माळावरून इकडं सोनईच्या बाजूला उसाच्या मुलखात आले, आणि तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली तेव्हा ही झाली. एकुलती एक. आता झारखंडात एका मोठ्या कॉलेजात शिकते. खाणीची इंजिनिअरिंग आणि जोडीला गणित, दोन्ही पदव्या एकदमच. असं करता येतं हे आम्हालाही माहीत नव्हतं. बारावीला मार्क चांगले पडले तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांनी तिला कॉम्प्युटर घ्यायला सांगितलं, हिनं खाण घेतली. दुसऱ्या वर्षी फोन आला, की आई, मी गणितही घेतलंय, सकाळी खडक आणि दुपारी गणित. मी विचारलं, दोन पदव्यांचे दोन पगार मिळतात का गं? म्हणाली, पगाराचं माहीत नाही, झोप मात्र निम्मीच मिळते. खाणीच्या वर्गात चारच मुली आहेत. तिथून ती गणिताच्या इमारतीत जाते तेव्हा बुटांना लाल माती लागलेली असते आणि सगळे बुटांकडं बघतात. खाणवाले म्हणतात तू गणिताची, गणितवाले म्हणतात तू खाणीची. हे ती हसत सांगते. पण जेवायला कुणाबरोबर बसतेस असं विचारलं की विषय बदलते. मग ती मला विचारते, तू दिवसभर काय करतेस, आणि मीही विषय बदलते. खरं सांगायचं तर दिवसभर मी फार काही करत नाही. पूजा, जप, दोन माणसांचा स्वयंपाक, त्यातलंही एक माणूस डबा घेऊन साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलेलं. अकरा वाजता घर आवरून होतं. त्यानंतर भांडं पडलं तरी आपण दचकतो, इतकं शांत.

तर ते संमतीपत्र. पुढच्या महिन्यात तिला सहा आठवडे खऱ्या खाणीत, जमिनीखाली, कामाला उतरायचं आहे. दिवसपाळीलाच, पण खालीच. त्याशिवाय खाणीची पदवी मिळत नाही. कॉलेजला आईवडील दोघांच्या सह्या हव्यात, आणि मूळ कागद टपालानंच हवा. तुमच्या जावयांनी त्याच संध्याकाळी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, सही केली, खाली तारीख घातली आणि पेन माझ्याकडं दिलं. मी म्हटलं, हात ओले आहेत. हात ओले नव्हते. ते म्हणाले, “तुझं तू बघ. पण पोरगी वाट बघती.” पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. तसे ते फार बोलतच नाहीत, दिवसभर ट्रॅक्टरवाल्यांशी वजनावरून वाद घालून घसा बसलेला असतो. जेवताना एकदा करंड्याकडं बघतात आणि ताटात बघतात.

मला तुमची विहीर दिसते, नाना. आपली नव्हे, दुसऱ्यांची. आपली कुठं होती? तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्याच विहिरी फोडल्या. वरचा मुरूम संपला की काळा खडक लागतो. सकाळपासून तुम्ही आणि दोन गडी खडकात भोकं पाडता. सुरुंगाची दारू मात्र तुम्ही एकटेच भरता, कुणाला हात लावू देत नाही. वाती कमीजास्त लांबीच्या ठेवता, म्हणजे बार एकामागं एक उडतील आणि मोजता येतील. संध्याकाळी माझी शाळा सुटते आणि मी दप्तर घेऊन थेट विहिरीवर येते. तुम्ही मला बोटांनी दाखवता, आज आठ, आज धा, आज बारा. मग गड्यांना लांब पाठवता, मी बांधावर लाल फडकं धरून उभी राहते, तुम्ही खाली जाऊन वाती पेटवता, दोरावरून सरसर वर येता आणि ओरडता, बार हाय हो, बार. आपण दोघं चिंचेच्या नाहीतर बाभळीच्या आडोशाला बसतो. मी उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवते. एक बार, एक पेर. सगळे उडाले की धूर निवेपर्यंत थांबून तुम्ही एकटे खाली बघायला उतरता. एक जरी कमी ऐकू आला तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही, हा तुमचा नियम.

लोकांना वाटायचं माझा पायगुण आहे. तुम्हीच तसं सांगत फिरायचे. पोर काठावर आसली की पाणी लागतंय बघा. शेतकऱ्यांना ते फार पटायचं. पाणी लागलं की नारळाची पहिली कवड माझ्या हातावर यायची, एकानं तर परकराचं कापड दिलं होतं. खरं काय ते तुम्हाला, आईला आणि मला, तिघांनाच माहीत होतं. इतक्या वर्षांच्या बारांनी तुमचा डावा कान पुरता गेला होता आणि उजवा निम्मा. समोर बसून बोललं की तुम्ही ओठ बघून उत्तर द्यायचे, पाठीमागून हाक मारली तर नाही. बहिऱ्या माणसाला सुरुंगाचं काम कोण देणार? म्हणून तुमचा कान मी होते. आई चुलीपुढं भाकरी थापता थापता मला बजावायची, कुणाफुडं बोलू नगं. मी कधी बोलले नाही.

एकदाच चुकले. चौथीत होते. बाभळीच्या फांदीला सुगरणीचा खोपा लोंबत होता आणि बार उडाला की ती बाहेर यायची, परत आत जायची, त्याच्यात माझं ध्यान गेलं. तुम्ही विचारलं, किती? तुम्ही आधी धा म्हणाला होता, म्हणून मी म्हटलं, धा. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही, हाताकडं बघितलं. अंगठा तिसऱ्या बोटाच्या शेवटच्या पेरावर होता. म्हणजे नऊ. मला वाटलं आता कानाखाली बसणार. तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसला आणि हळू म्हणाला, “मी सांगितलं त्येवढं नको सांगू. तू ऐकलं त्येवढं सांग.” गड्यांना घरी पाठवलं. मालक कुरकुरला, की दोन बार एकदम उडाले असतील, पोरीच्या मोजण्यावर काम अडवता का. तुम्ही ऐकू न आल्यासारखं केलं. ते तुम्हाला चांगलं जमायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही उतरला आणि न उडालेला एक सापडला. त्या आठवड्याच्या बाजारातून तुम्ही माझ्यासाठी लाल कापडी पुठ्ठ्याची वही आणली, व्यापाऱ्यांकडं असते तशी. तुम्हाला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. वहीवर दोरी ताणून धरून तुम्ही मला उभी रेघ मारायला लावली. एका अंगाला भरले, दुसऱ्या अंगाला ऐकले. दोन्हीकडं सारखा आकडा आला तरच माणूस खाली जाईल, असं म्हणाला. सहा वर्षांत मी ती वही जवळजवळ भरली. पुढं संसारात पै-पैचा हिशेब ठेवते म्हणून सासरी माझं कौतुक झालं, थट्टाही झाली. त्यांना वाटलं माहेरची काटकसर. हिशेब ठेवायचा म्हणजे दोन्हीकडचा आकडा जुळला पाहिजे, एवढंच मी शिकले होते, आणि तेही बाभळीखाली.

इकडं आमच्या गावाच्या उत्तरेला टेकडीवर खडीची खाण आहे. पोरगी लहान होती तेव्हा रोज चारच्या सुमाराला तिथले बार व्हायचे. मी पोळ्या लाटत असले तरी हात थांबायचा आणि पिठानं भरलेला अंगठा पेरांवर चालायचा. ती ओट्याला टेकून बघायची. पाचेक वर्षांची असेल, तिनंही अंगठा चालवायला सुरुवात केली. मग तो आमचा खेळच झाला. सहा, असं ती ओरडायची, आणि मी म्हणायची, खात्रीनं? ऐकलं तेवढंच सांग हं. कशासाठी मोजतो हे तिनं कधी विचारलं नाही; लहान मुलांना मोजायला कारण लागत नाही. तिला खाणीचं वेड कुठून लागलं असं लोक विचारतात तेव्हा मी म्हणते, कोण जाणे. तुम्ही कसे गेलात असं तिनं एकदा विचारलं होतं. मी सांगितलं, विहिरीत पाय घसरून पडले. आपल्याकडं ते पटण्यासारखं आहे.

या रविवारी तिचा फोन आला. तोंड दिसतं तो फोन. आधी शालीचं झालं, पांघरलीस का, मी म्हटलं थंडी पडू दे. मग म्हणाली, फॉर्म पोचला ना? पोचला. मग सही? मी म्हटलं, बघते.

“बघते म्हणजे काय गं? मेथीची जुडी आहे का ती?”

मी हसले, पण ती हसली नाही. मग मला समजावत बसली, जशी मी तिला पूर्वी भागाकार समजवायची. तिथं माणूस वाती पेटवत नाही, सगळं लांबून तारेनं होतं. आणि किती उडाले ते कानानं मोजत नाहीत. जमिनीत यंत्र पुरतात, ते थरथर टिपतं, कागदावर रेघ येते. तिचा गणिताचा अभ्यास तोच आहे, म्हणून तर दोन पदव्या. त्या रेघेवरून खरे बार किती आणि त्यांचे परत आलेले पडसाद किती, ते वेगळं काढायचं. म्हणाली, “आवाजाचा भरवसा नाही आई. भिंतीवर आपटतो आणि परत येतो. माणसाला आठाचे नऊ ऐकू येतात.” बोलता बोलता तिचा अंगठा पेरांवरून चालला होता. त्याच्याकडं बघत मी विचारलं, आणि यंत्राला कमी दिसले तर? तर कुणी उतरत नाही, ती म्हणाली, नियमच आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, नियम तुझ्या आजोबांचाही होता.

“आजोबांचा? आजोबा तर पडले होते ना?”

मी म्हटलं, दूध उतू चाललंय. ती म्हणाली, दूध सकाळी तापवतेस तू. आणि मग तिच्या आवाजात काहीतरी बदललं, नाना. म्हणाली, “सही करायची नसेल तर नको करूस. मी खाण सोडते, नुसतं गणित करते. पण कारण सांग. तूच म्हणतेस ना, ऐकलं तेवढं सांग. मग सांग.” मी फोन पालथा ठेवला. तुमचे शब्द होते ते. त्यांच्यावर तुमचं नाव नव्हतं, मीच ठेवलं नव्हतं.

आता ते लिहिते, जे तुम्हालाही माहीत नाही.

मी दहावीत होते. तुमचं काम शाळेजवळच्याच शिवारात आलं, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. शाळेची वाट बांधावरूनच जायची. वर्गातल्या मुली घोळक्यानं घरी जाताना मला फडकं घेऊन उभी बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरले की कुणीतरी हळूच म्हणायचं, आली धडाम. सगळ्या हसायच्या. धडाम, वही दे गं. धडाम, सर आले बघ. आज ते काहीच वाटत नाही. तेव्हा मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटायचं. त्या दिवशी सकाळी तुम्ही न्याहारी करत होता. मी समोर येऊन उभी राहिले, तुम्हाला ओठ दिसावेत म्हणून, आणि सांगितलं की आजपासून शाळा सुटल्यावर गणिताचा जादा तास आहे. तुम्ही भाकरीचा घास हातात धरून माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं ओळखलं. तुमच्या तोंडावर हसू आलं.

“गणिताचा हाय व्हय? मग जा. आज मी मोजतो.”

आई पलीकडून म्हणाली, तुमी कसं मोजणार? तुम्ही म्हणाला, पायाला कळतंय मला.

जादा तास नव्हता. शाळा सुटल्यावर मी मुलींच्या घोळक्यातून चालत गेले, पहिल्यांदाच, आणि गावाच्या टोकाला मारुतीच्या देवळात जाऊन बसले. तास संपायच्या वेळेला घरी जायचं, असं ठरवलं होतं. देवळाच्या पायरीवरून तो डोंगर दिसतो. विहीर दिसत नाही. थोड्या वेळानं बार सुरू झाले. मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं, पण अंगठा माझं ऐकेना. नऊ झाले आणि थांबले. मी दप्तरातून लाल वही काढली आणि सवयीनं ‘ऐकले’च्या खाली ९ लिहिलं. शेजारचा रकाना कोरा ठेवावा लागला. तुम्ही किती भरले ते मला कुठं माहीत होतं? त्या संध्याकाळी तुमची बोटं बघायला मी नव्हते.

पुढचं गावाला माहीत आहे. धूर निवाला, तुम्ही उतरला, न उडालेल्या बाराला पहार लागली. मी घरी पोचले तेव्हा दारात माणसं होती आणि आई जमिनीवर बसलेली. येईल त्या बाईला ती सांगत होती, पोरीचा गणिताचा तास व्हता, न्हाईतर तीबी तिथंच आसती. तेराव्यापर्यंत सांगत होती, वर्षश्राद्धाला सांगत होती, स्वतः जाईपर्यंत सांगत होती. गावात तेच झालं, गणितानं पोर वाचली. मला दहावीला गणितात चांगले मार्क पडले तेव्हा सर म्हणाले, नानांचा आशीर्वाद. जिनं मला धडाम नाव ठेवलं होतं ती गळ्यात पडून रडली. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. ते दोन गडी बाहेरगावचे होते, पंचनामा झाल्यावर निघून गेले. त्या दिवशी किती भरले होते, एवढं त्यांना विचारायचं होतं. पण विचारलं असतं तर, तू किती ऐकले, असं ते म्हणाले असते, आणि कुठून ऐकले, हेही. आईनं पंचनाम्यावर अंगठा दिला, मी तो कागद वाचला नाही. इकडं आल्यापासून दर शनिवारी मारुतीला तेल घालते, रुईची माळ घालते. मागत काही नाही. त्याच्या पायरीवर बसून खोटा तास मोजला, आता काय तोंडानं मागू?

आणि इतक्या वर्षांत मी एकच हिशेब पुन्हा पुन्हा मांडला. दहा भरले असतील आणि नऊ उडाले, तर मी बांधावर असते तर नऊ सांगितले असते, तुम्ही थांबला असता. मग सगळं माझ्यावर. पण तो डोंगर अगदी अंगावर होता. तिथं हाक मारली तरी परत यायची, शाळेतली मुलं मुद्दाम ओरडायची. नऊच भरले असतील, आठ उडाले आणि एकाचा आवाज डोंगरावरून परत आला, तर मी तिथं असते तरी नऊच सांगितले असते, आणि तुम्ही माझ्याच शब्दावर उतरला असता. हे दुसरं बरं की वाईट ते मला ठरवता येत नाही. पोरीचं गणित ऐकेपर्यंत हे दुसरं मला सुचलंही नव्हतं असं म्हणायला मला आवडलं असतं. सुचलं होतं. रोज सुचतं. पण ते मी स्वतःला बरं वाटावं म्हणून रचलंय असं वाटायचं, आणि रविवारी माझी पोरगी म्हणाली की असं होतं, त्याला शिकावं लागतं, त्याच्या परीक्षा असतात. तुमचे पायही खोटं बोलत नव्हते म्हणायचे, नाना. तिकडं यंत्रसुद्धा जमिनीलाच विचारतं. पण माणसाच्या तळव्याला आठ आणि नऊ, नऊ आणि दहा वेगळे कळतात का, हे मी तिला विचारलं नाही.

काल सही केली. भीती गेली असं नाही. ती खाली असेल त्या सहा आठवड्यांत मी कसा श्वास घेईन ते मला माहीत नाही. पण सही न करायला जे कारण द्यावं लागलं असतं ते पुन्हा खोटंच असतं, आणि एक खोटा तास मला पुरला. तिला चार ओळी लिहिल्या आहेत, याच गठ्ठ्यातल्या कागदावर, तिच्याच गणिताच्या पाठीमागं. आजोबा पडले नाहीत. त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांचा कान मी होते आणि त्या दिवशी मी गेले नाही. एवढंच. पाचवी ओळ जमली नाही. सोबत लाल वही पाठवते आहे, जुन्या सुती धोतराच्या फडक्यात बांधून. तिच्या कामाची आहे, सहा वर्षांचे भरले आणि ऐकले दोन्ही आहेत, कुठं जुळले, कुठं नाही, सगळं. तुमचे जावई सकाळी म्हणाले, वजन करून आणू का काट्यावर? मी म्हटलं, तिथं ट्रॅक्टर तोलतात. पहिल्यांदाच आठ दिवसांत दोघं हसलो. ‘काय आहे त्यात,’ असं त्यांनी विचारलं नाही, आणि आज संध्याकाळी त्यांनाही सांगावं असं मनात आहे. मनात आहे, एवढंच लिहिते.

उद्या दहाला पोस्ट उघडतं. पार्सल बंद करायच्या आधी एक राहिलं आहे, ते हिला लिहिलं नाही, तुम्हाला लिहिते. देवळात मी ९ लिहून वही मिटली होती. त्यानंतर बऱ्याच वेळानं आणखी एक बार ऐकू आला, दबका, खोलातून आल्यासारखा. त्याचा आवाज डोंगरावरून परत आला की नाही ते आठवत नाही. माझा अंगठा चौथ्या बोटाच्या पहिल्या पेरावर गेला. मला वाटलं, मागं राहिलेला एक उशिरा उडाला, भरले सगळे. आणि नाना, मला बरं वाटलं. पायरीवर बसून मी सुटकेचा श्वास सोडला. लोक धावताना दिसेपर्यंत मला बरंच वाटत होतं.

ही पत्रं वेगवेगळी आहेत. तिचं उद्या जाईल. तुमचं या करंड्याखाली ठेवते, संमतीपत्राची जागा रिकामी झाली आहे तिथं. वहीतली शेवटची ओळ अजून निम्मीच आहे. उजव्या अंगाला नऊ आहेत. डाव्या अंगाला काय मांडू? तुम्ही त्या दिवशी किती भरले होते, तेवढंच उलट टपाली कळवा.